मत्स्यगुरू आणि माझी जीभ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तहो, गेल्या वर्षीच्या दत्तजयंती सप्ताहात मंडळाने चोवीस गुरूंवर निरूपणं ठेवली होती. कोणी कोणत्या गुरूवर बोलायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला पृथ्वी आली, कोणाला समुद्र, कोणाला मधमाशी. मला आला मासा. मंडपात थोडी खसखस पिकली, कारण मी १९८८ च्या गुरुचरित्र पारायणापासून मासोळी सोडलेली आहे, हे सगळ्यांना ठाऊक. ठाऊक असणारच. मीच ते शंभरदा सांगितलेलं.

त्या अर्ध्या तासात जे बोललो तेच संपादकांच्या आग्रहावरून इथे लिहून काढतो आहे. मात्र बोलताना एक गोष्ट मी गाळली होती. विसरलो नव्हतो, मुद्दाम गाळली होती. ती इथे लिहितो, कारण तिच्याशिवाय ते निरूपण म्हणजे जमेची बाजू लिहून नावेची बाजू कोरी ठेवलेली खतावणी होती.

आधी मूळ कथा. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात, यदु राजाला एक तरुण अवधूत भेटतो. राजा विचारतो, महाराज, तुमच्याजवळ घर नाही, दार नाही, तरी तुम्ही इतके आनंदात कसे? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले, त्यांच्यापासून शिकलो. आपली परंपरा त्या अवधूताला श्रीदत्तात्रेयच मानते. नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली. पैठणला गोदाकाठी आरंभ केला आणि शके १४९५ मध्ये काशीला ती पूर्ण केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

या चोवीसात मासा सोळावा. आठव्या अध्यायात त्याच्या वाट्याला जेमतेम तीन श्लोक आहेत. आता गुरू म्हटला की आपण त्याचा गुण घेतो. पृथ्वीपासून सहनशीलता घ्यावी, सूर्यापासून अलिप्तता. पण काही गुरू असे आहेत की त्यांची चूक पाहून शिकायचं. पतंग रूपाला भुलून दिव्यात पडतो, हत्ती स्पर्शाला भुलून खड्ड्यात पडतो, हरिण गाण्याला भुलतं. मासा चवीला भुलतो. गळाला लावलेलं आमिष तोंडात घेतो आणि काटा टाळूत रुततो. अवधूत सांगतो, बाकी सगळी इंद्रिये जिंकली तरी जोवर रसना जिंकली नाही तोवर माणसाला जितेंद्रिय म्हणता येत नाही. आणि त्याच्याच अगोदर आणखी एक गोष्ट सांगतो, ती मी तीस-पस्तीस वर्षं वाचत होतो पण माझ्या डोक्यात शिरली नव्हती. उपाशी राहिल्याने शहाण्या माणसाची बाकीची इंद्रिये लवकर वठणीवर येतात. जीभ मात्र उलट वाढते.

उपाशी माणसाची जीभ वाढते! हे लक्षात ठेवा. पुढे कामी येईल.

आता तुम्हाला भंडाऱ्याहून पिठापूरला नेतो. दोन वर्षांपूर्वी माघात आम्ही बावीस जण श्रीपाद श्रीवल्लभांच्या जन्मस्थानी गेलो होतो. नागपूरहून विजयवाडा, तिथून पुढे गाडी बदलून. पिठापूर आता आंध्रच्या काकीनाडा जिल्ह्यात आहे. अप्पळराज आणि सुमती यांच्या पोटी महाराजांनी जन्म घेतला तो हा गाव. संस्थानात पादुकांचं दर्शन, पालखी, महाप्रसाद सगळं झालं. कुक्कुटेश्वराच्या देवळात पादगया तीर्थ आहे, तिथे पितरांसाठी विधी होतात. मी वडिलांच्या नावाने पिंडदान केलं. वडिलांच्या अस्थी आम्ही आंभोऱ्याला वैनगंगेत सोडल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, अस्थी कुठे विसर्जन केल्या? मी वैनगंगा म्हटलं. त्यांना ती नदी माहीत नव्हती. मी सांगितलं, आमची वैनगंगा वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. ते हसले. हिंदीत म्हणाले, म्हणजे तुमचे वडील तुमच्याआधीच इकडे पोचले.

खरंच आहे ते. शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावी उगम पावलेली आपली नदी बालाघाट, गोंदिया, भंडारा, गडचिरोली असं फिरत फिरत शेवटी गोदावरीच्या नावाने बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिचं एक मुख पिठापूरपासून फार लांब नाही. हे मी शाळेत भूगोलात शिकलो असेन. पण तिथे उभं राहून लक्षात आलं की पवनीच्या घाटावर आपण जी पणती सोडतो तिचं पाणी कुठे जातं.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस मोकळा होता. काही जण म्हणाले समुद्र पाहू. काकीनाड्याच्या पुढे कोरिंगा म्हणून जागा आहे, तिथे गोदावरीच्या गौतमी शाखेच्या मुखाशी खारफुटीचं मोठं अभयारण्य आहे. आपल्या जंगल-तलावांच्या जिल्ह्यातल्या माणसाला खारफुटी म्हणजे काय ते सांगून समजत नाही, पाहावं लागतं. झाडं चिखलात उभी आणि त्यांची मुळं जमिनीतून वर आलेली, जणू कोणी हजारो खुंट्या ठोकून ठेवल्यात. भरतीला समुद्राचं खारं पाणी आत येतं, ओहोटीला जातं, वरून नदीचं गोडं पाणी उतरतं. त्यामुळे तिथलं पाणी धड खारं नाही, धड गोडं नाही. मचूळ. लाकडी पुलासारखी वाट केलेली आहे, तिच्यावरून आत चालत जायचं. याच कोरिंगाला १८३९ च्या नोव्हेंबरात वादळाने समुद्र आत आणला आणि भरलेलं बंदर धुऊन नेलं. एवढ्या मोठ्या इतिहासाच्या जागी आम्ही वाकून काय पाहत होतो? चिखल.

कारण ओहोटी होती आणि चिखल हलत होता.

नीट पाहिलं तर मासे. पाण्यात नाही, पाण्याबाहेर! काही करंगळीएवढे, काही वीतभर. डोळे बेडकासारखे डोक्याच्या वर. अंगावर निळसर ठिपके. पुढच्या दोन परांवर, आपण कोपरं टेकून सरकतो तसे ते चालत होते. मधूनच एखादा पाठीवरचा पर पालखीपुढच्या पताकेसारखा उभा करी आणि टुणकन उडी मारी. आमच्यात पनवेलकडच्या एक वहिनी होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘अगं बाई, ही तर निवटी!’ कोकणात खाडीच्या चिखलात हे मासे हात घालून बिळातून काढतात आणि त्यांचं कालवण चांगलं होतं, अशी माहितीही त्यांनी लगेच पुरवली. देवदर्शनाला आलोय, कालवणाचं काय बोलता, असं मी त्यांना बोललो. जरा टोचूनच बोललो. वहिनी गप्प झाल्या.

पाहा, लगेच तिथेही.

संध्याकाळी मी पुतण्याला फोन लावला. तो प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला म्हटलं, अरे, चालणारा मासा पाहिला. तो म्हणाला, ‘काका, तो गोबी माशांच्या गोतातला आहे. आपल्या वैनगंगेतही गोबी आहे. वाळूच्या रंगाचा, तळाशी गप्प पडून राहतो तो. तो नदीतही राहतो आणि खाडीच्या मचूळ पाण्यातही. बहुतेक गोबींच्या पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून पेल्यासारखे झालेले असतात, त्याने ते दगडाला धरून राहतात.’ हवाई बेटांवर तर एक गोबी असा आहे की त्याची पिल्लं अंड्यातून निघाल्याबरोबर ओढ्याने वाहत समुद्रात जातात आणि काही महिन्यांनी वापस येऊन, त्या पोटाखालच्या पेल्याने कड्याला धरून, शंभर मीटरहून उंच धबधबा चढून जातात. मला हे ऐकून गिरनारच्या पायऱ्या आठवल्या. आपण दहा हजार पायऱ्या चढलो की वर्षभर सांगत सुटतो.

पण धबधबा राहू द्या. माझं लक्ष चिखलातल्या माशावर होतं. त्याचा श्वास कसा चालतो ते विचारलं. मासा कल्ल्याने पाण्यातली हवा घेतो, हे आपल्याला माहीत आहे. हा मासा बाहेर येताना कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेतो. तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातून आणि ओल्या कातडीतूनही त्याला हवा मिळते. अट एकच, अंग ओलं पाहिजे. म्हणून तो मध्ये मध्ये डबक्यात जाऊन लोळतो, डोळे आत ओढून ओले करून घेतो आणि पुन्हा चिखलावर येतो. सुकला की मेला.

निरूपणात मी यावर बराच वेळ बोललो आणि मंडळींना ते आवडलंही. प्रपंचाच्या चिखलात चालायला हरकत नाही, पण नामाचं पाणी बरोबर घेऊन चालावं आणि मध्ये मध्ये सत्संगाच्या डबक्यात लोळून यावं, वगैरे. ते चूक नाही. पण खरी गोष्ट पुढे आहे.

हा मासा चिखलात बीळ करतो, चांगलं हातभर खोल. बिळात पाणी असतं, पण ते मेलेलं पाणी. चिखलात पानं कुजतात, ती पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. त्या पाण्यात अंडी गुदमरतील. मग मादी अंडी घालते कुठे? बिळाला आत एक वर चढलेली खोली असते, तिच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. आणि त्या खोलीत पाणी नसतं, हवा असते. ती हवा तिथे आली कशी?

नर आणतो, तोंडात भरून. बाहेर यायचं, तोंडभर हवा घ्यायची, आत जायचं, खोलीत सोडायची. पुन्हा बाहेर, पुन्हा तोंडभर. भरती आली की बाहेर पाणीच पाणी, खोलीतली हवा शिळी होत जाते. ओहोटी झाली की बाप पुन्हा कामाला लागतो. अंडी पिकेपर्यंत हेच. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका जातीवर तिथल्या संशोधकांनी याचा अभ्यास करून २००७ साली तो छापला. त्यांनी बिळात नळ्या आणि कॅमेरे घालून पाहिलं. शेवटचा भाग तर फार विलक्षण आहे. अंडी फुटायला तयार झाली की एका रात्री, भरतीच्या वेळी, तोच बाप आपणच साठवलेली हवा तोंडाने भरून बाहेर नेऊन टाकतो. मग खोलीत पाणी चढतं. अंड्यांना पाणी लागलं की ती फुटतात. म्हणजे कधी भरायचं तेही त्याला कळतं आणि कधी काढून घ्यायचं तेही. आपल्यापैकी किती बापांना हे दुसरं जमतं, ते ज्याचं त्याने पाहावं.

पुतण्या हे सांगत होता आणि मला तो सोळावा गुरू दिसत होता. भागवतातल्या माशाचं तोंड म्हणजे त्याचा घात. ज्या तोंडाने गळ गिळला त्याच तोंडाने गेला. आणि हा बोटभर मासा त्याच तोंडाने श्वास वाहून नेतो. तो वारा स्वतःच्या पोटात घालत नाही, दुसऱ्यासाठी नेऊन ठेवतो.

पण या माशाला उगाच संत करू नका. निवटीचं तोंड भांडतंही. शेजाऱ्याने आपल्या हद्दीत पाय घातला, म्हणजे पर घातला, की हे महाशय तोंड फाडून त्याच्यावर धावून जातात. दोघे समोरासमोर आ वासून उभे राहतात. आम्ही पुलावरून ते पाहिलं आणि खूप हसलो. चिखलावरचं शेवाळ खरवडून खायचं तेही त्याच तोंडाने. चरणं, भांडणं आणि वारा नेणं, तिन्ही एकाच तोंडाची कामं. चौथं अंग देवाने त्याला दिलेलं नाही. आपल्यालाही नाही.

इथे एखादा जाणकार मला थांबवेल. म्हणेल, श्लोकातला शब्द रसना आहे, तिचा संबंध चवीशी. बोलण्याचं इंद्रिय वाणी, ते कर्मेंद्रिय. रसना ज्ञानेंद्रिय. तुम्ही दोन खाती एकत्र करता आहात. मान्य. शास्त्राप्रमाणे खाती दोन. पण तोंडात जीभ एकच आहे, आणि माझं असं झालं की एका खात्यात मी कडक हिशेब ठेवत गेलो आणि दुसऱ्या खात्यातून उचल करत गेलो. मासोळी सोडली, कांदा-लसूण सोडला, गुरुवारी निरंकार उपास धरला. आणि बोलणं?

आता ती गाळलेली गोष्ट.

१९९४ ची. मी तेव्हा तालुक्याच्या एका शाखेत कर्ज विभागाच्या टेबलावर होतो. बँकेचं नाव घेत नाही, चूक बँकेची नव्हती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या लोकांना अनुदानासह कर्ज मिळे. कोणाला शेळ्या, कोणाला शिलाई मशीन. पवनीकडच्या एका गावचा एक ढिवर नायलॉनच्या जाळ्यासाठी आणि डोंग्यासाठी अर्ज करून गेला होता. पंचायत समितीकडून कागद आले होते, मॅनेजरची सही व्हायची होती, त्याचा अंगठा आणि फोटो बाकी होता. तो आला त्या दिवशी गुरुवार. सकाळी नदीवरून थेट आला असावा. धोतर ओलं, अंगाला मासोळीचा वास. मी उपाशी. टेबलाच्या काचेखाली महाराजांचा फोटो. काउंटरपुढे पंधरा-वीस माणसं उभी.

मी त्याला म्हटलं, ‘आधी आंघोळ करून ये, मग बँकेत पाय ठेव. हे काय मासोळी बाजार आहे का?’

लोक हसले. दोघा-तिघांनी नाकाला रुमालही लावला, तोवर लावला नव्हता. तो म्हणाला, ‘होय जी, बाबूजी.’ आणि पायऱ्या उतरून गेला. मला वाटलं येईल. तो आला नाही. मार्च संपला, उद्दिष्ट दुसऱ्या नावांवर पूर्ण झालं, त्याचा अर्ज मी बाकीच्या गठ्ठ्यात बांधून टाकला. पुढे कळलं की त्याने सावकाराकडून पैसे उचलले.

तेव्हा याचं मला काही वाटलं नाही, हे खरं लिहितो. उलट घरी येऊन सांगितलं असेल की आज एकाला चांगलं सुनावलं. जो माणूस माझ्या टेबलापर्यंत आला होता तो दोन हजार रुपयांच्या जाळ्यासाठी आला होता, पोरांच्या पोटासाठी आला होता. मासोळीचा वास हा त्याच्या कष्टाचा वास होता. आणि मी ती सहा वर्षांपूर्वी सोडल्याचा मला एवढा माज! श्रीपाद श्रीवल्लभांनी कुरवपूरला कपडे धुणाऱ्या रजकाला जवळ केलं, त्याच्या मनातली राजवैभवाची इच्छाही पुरवली. ही कथा मी किती पारायणांत वाचली. वाचली म्हणजे त्याच जिभेने वाचली.

उपाशी माणसाची जीभ वाढते, असं अवधूत सांगतो. माझी त्या गुरुवारी केवढी वाढली होती!

बँकेत जी नोंद कुठे टाकायची कळत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. तपासणी आली की पहिला प्रश्न त्याचाच. ही नोंद तीस वर्षं तशी पडून होती. कोरिंगाच्या पुलावर वहिनींना टोचून बोललो आणि रात्री पुतण्याने त्या बाप माशाची गोष्ट सांगितली, तेव्हा ती वर आली. पण तरी सप्ताहात बोलताना मी ती गाळली. मंडपात ढिवर समाजाचेही बरेच लोक होते. लाज वाटली.

या आषाढात मी त्याला शोधायला गेलो. सोपं नव्हतं. ज्या वर्षी मी मासोळी सोडली त्याच १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली होती. पुढे पाणी अडलं, त्याचं जुनं गाव बुडालं. आता पुनर्वसनाचं गावठाण आहे, सरळ रस्ते, सिमेंटचे खांब, नदी लांब. पाणी भरपूर दिसतं, पण नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानला आणि कन्हानातून वैनगंगेला येतं, ते सगळं त्यात साठतं. मासोळी पहिल्यासारखी राहिली नाही, असं वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं. दोन-तीन घरं विचारत गेलो. तो सापडला. पंचाहत्तरीच्या पुढचा, ओट्यावर बसून जाळ्याची फाटकी गाठ बांधत होता. नजर अधू, बोटं मात्र चालत होती.

मी ओळख सांगितली. बँकेचं नाव सांगितलं, साल सांगितलं. काय बोललो होतो ते जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, बाबाजी, माझी चूक झाली होती, माफी मागायला आलो.

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘गंज जनं तसं बोलले जी. तुमी कोनते?’

भक्तहो, मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा जाऊ द्या जी म्हणेल. दोन्हीची मी तयारी करून गेलो होतो. याची नव्हती. मी ज्याला माझं मोठं पाप म्हणून तीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं, ते त्याच्या हिशेबात वेगळं ओळखूही येत नव्हतं. इतक्या तोंडांतून तेच बाहेर पडलं होतं.

मला पुढे काय बोलावं सुचेना. म्हणून मी त्याला त्या माशाची गोष्ट सांगितली. गोदावरीच्या मुखाशी असा असा मासा आहे, चिखलात चालतो, बाप तोंडात वारा भरून पिल्लांसाठी आत नेतो. त्याचे हात थांबले. ‘थो वारा नेते म्हनता? तोंडानं?’ दोनदा विचारलं. मग त्याने मरळ माशाचं सांगितलं. मरळ आपल्या पिल्लांचा थवा घेऊन फिरते, खालून राखण करते, थव्याच्या जवळ काही गेलं तर अंगावर येते. पिल्लं वर लालसर दिसली की खाली मोठी मरळ आहे हे ढिवराला कळतं, जाळं टाकायला सोपं. पण त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं की पिल्लांवरची मरळ धरायची नाही. ‘पोरं उघडी पडतात ना जी.’ आता नवी पोरं धरतात, तेही त्याने सांगितलं. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता.

हे त्याला कोणी भागवत वाचून शिकवलेलं नव्हतं. मी मात्र बावन्न पारायणं करून शिकलो नव्हतो.

तोवर सुनेने चहा आणला. तो गुरुवार होता. पिऊ की नको असं झालं, मग प्यायलो. उपास मोडला की नाही ते महाराज पाहतील. चहा पिताना त्याचा नातू एक कागद घेऊन आला. मच्छीमार संस्थेत सभासद व्हायचं होतं आणि त्यासाठी बँकेत खातं उघडायचं होतं. दोनदा जाऊन आला होता, काहीतरी अपुरं आहे म्हणून दोन्ही वेळा वापस पाठवलेला. काय अपुरं ते नीट कोणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याने नातवाला म्हटलं, ‘हे बँकेचे बाबूजी आहेत, यांना दाखव.’

मी चष्मा लावला. फॉर्मवर सही एका जागी राहिली होती आणि पत्त्याचा पुरावा जुन्या, बुडालेल्या गावाचा होता. तो बदलून आणावा लागेल हे मी त्याला समजेल असं सांगितलं, तहसीलमध्ये कोणत्या खिडकीवर जायचं तेही एका कागदावर लिहून दिलं. बाकीचा फॉर्म भरून दिला. दाखला मिळाला की मला फोन कर, बँकेत मी तुझ्याबरोबर येतो, असं म्हणालो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. दाखला मिळाला आहे. येत्या सोमवारी दहा वाजता आम्ही शाखेच्या दाराशी भेटणार आहोत.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥